दत्तूआण्णांचं कर्जाचं मैदान

महिन्याच्या एक तारखेला आमच्या गल्लीत कुणालाही घड्याळाचा गजर लावावा लागत नाही. सकाळी साडेसातला समोरचे दत्तूआण्णा चौगुले पायरीवर उभे राहतात, रॉकेल ओतायचं जुनं नरसाळं तोंडाला लावतात आणि घरचा महिन्याचा खर्च जाहीर करतात.

"तर मंडळी, मैदानातली पहिली कुस्ती! हिकडनं आमची पेन्शन. अंगानं बारीक, वयानं थकलेली, पण डावाला पक्की! आनि तिकडनं आलंय लाईट बिल! आलं, आलं, शड्डू ठोकत आलं!"

आतून त्यांच्या पत्नीचा, आक्काताईंचा आवाज येतो, "च्या गार व्हायलाय. बिलाला जरा बसवा आनि तुमी आत या."

आण्णा साखर कारखान्यात काट्यावर कारकून होते. कुस्ती ते जन्मात एकदाच खेळले. वयाच्या दहाव्या वर्षी. तीही समोरच्यानं हात लावायच्या आधी स्वतःच्याच लंगोटात पाय अडकून हरले, असं आक्काताई सांगतात. पण आवाज दणदणीत होता. म्हणून तीस वर्षं ते गावोगावच्या जत्रांमध्ये कुस्तीच्या मैदानावर माईक घेऊन उभे राहिले. कुणी कब्जा घेतला, कोण चितपट झाला, हे हजारो माणसांना सांगत राहिले. अजूनही जत्रांच्या दिवसांत कोडोलीकडून, गारगोटीकडून बोलावणं येतं. एरवी मैदान नसतं, म्हणून ते घरचंच भरवतात.

मी समोरच्या घरात राहते. एका शाळेच्या कार्यालयात नोकरी करते आणि गल्लीतल्या बायकांची भिशी चालवते. मला याद्या करायची सवय आहे. किराण्याची, औषधांची, शेजारी गेलेल्या आणि परत न आलेल्या डब्यांची. आमचे हे म्हणतात, एक यादी याद्यांचीही कर. ती आहे, त्यांना दाखवलेली नाही.

दोन वर्षांपूर्वी आण्णा एका बिस्किटांच्या पुड्याबरोबर चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन माझ्याकडे आले.

"वैनी, तुमास्नी लिवायचा नाद हाय. जरा हे मांडून द्या की. माझ्या तोंडात सगळं बसतंय, वहीत काय बी बसत न्हाय."

ती सगळी त्यांच्या मुलाची, संजूची देणी होती. संजूने बर्गरचं दुकान काढलं होतं. ज्या गावात लोक पोह्यांवरही झणझणीत कट मागून घेतात, तिथं त्याने बिनतिखट बर्गर विकायला ठेवला. दुकान आठ महिने चाललं. त्यातले दोन महिने गल्लीतल्या आम्ही सगळ्यांनी शेजारधर्म म्हणून खाल्लं. मग संजू पुण्याला एका गोदामात नोकरीला लागला. दर महिन्याला पैसे पाठवायचा, पण स्वतः यायचा नाही. आक्काताईंना बाकी काही नको होतं, पोरगं घरी यायला हवं होतं. आण्णा म्हणायचे, "आधी कर्ज फिटू दे. मग येतंय."

मी चिठ्ठ्या लावल्या. बाळूच्या दूध डेअरीचे एकवीसशे. राजाभाऊंच्या किराणा दुकानाचे सहा हजार चारशे. दुकानाची टेबलं करणाऱ्या सुतारमामांचे चाळीस हजार. शेजारच्या शांताक्कांकडून हातउसने घेतलेले पंचवीस हजार. फ्रिज हप्त्यावर देणाऱ्या फायनान्स कंपनीचे नऊ हजार. आणि बँकेचं मोठं कर्ज, ज्याचा हप्ता दरमहा जायचा. मी व्याजाचा रकाना आखला आणि सांगितलं, "आण्णा, सगळ्यांत जास्त व्याज फायनान्सचं आहे. आधी ते फेडा. शांताक्का काही व्याज लावत नाहीत. त्या शेवटी."

आण्णांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं.

"वैनी, तुमी कवा जत्रंतलं मैदान बगितलंय का? पयली कुस्ती मोठ्या पैलवानाची लावत्यात व्हय? पयल्यांदा बारक्या पोरांच्या. रेवड्यांवरच्या. मग नारळावरची. मग शंभराची. लोक तापत जात्यात, हलगी तापत जाती. मोठी कुस्ती सगळ्यात शेवटाला."

"पण व्याज?"

"व्याजाला काय कळतंय मैदानातलं?"

तेव्हा आधी लहान कर्ज, मग मोठं, असं ठरलं. निदान मला तरी तसं वाटलं.

मग काटकसर सुरू झाली. वर्तमानपत्र बंद झालं. आण्णा सकाळी आमच्या दारात उभं राहून आमचं वाचू लागले, मोठ्यानं, त्यामुळे आमचं वाचायचं राहिलंच नाही. टीव्हीचं रिचार्ज बंद झालं. आक्काताईंची रात्रीची मालिका बुडाली म्हणून आण्णा शेजारी जाऊन भाग बघून यायचे आणि येऊन तो सांगायचे.

"सासूनं मागनं कब्जा घेतला! सून खाली! पण सून चपळ! निसटली! निसटली! माहेरला गेली!"

आक्काताई पिको-फॉलच्या मशीनवरून मान न उचलता म्हणायच्या, "ह्यांच्या तोंडाला मीटर बसवला असता, तर दोन कर्जं त्यातच फिटली असती."

तिसऱ्या महिन्यात बाळूच्या डेअरीचे पैसे फिटले. आण्णांनी फेटा बांधला. मैदानात जिंकलेला पैलवान कडेनं फेरी मारतो आणि बघणारे त्याच्या हातावर बक्षीस ठेवतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. आण्णांनी तशी गल्लीत फेरी मारली. आमची गल्लीही कोल्हापूरचीच. फेटा आणि पसरलेला हात दिसल्यावर कुणी कारण विचारलं नाही. दहा, वीस, पन्नास, एकानं नारळ. मीही अकरा रुपये दिले आणि लिहून ठेवले. स्वतः बाळूनं एकवीसशे घेतले होते, त्यातले एकशे एक परत ठेवले. एकूण सहाशे वीस जमले.

मी ते जमेत धरणार, इतक्यात दुपारी गल्लीत मसाल्याचा वास सुटला. जिंकलेल्या पैलवानानं गाववाल्यांना तोंड गोड, म्हणजे आमच्याकडे तिखट, केल्याशिवाय कसं जायचं? दोन किलो मटण. सहाशे वीस संपून वर हजार रुपये मटणवाल्याची उधारी.

आक्काताई पातेलं ढवळत म्हणाल्या, "एक पैलवान पाडला आनि त्याचा धाकला भाव अंगावर घेतला."

मी वहीत नवा रकाना उघडला : विजयाचा खर्च. आण्णांना बजावलं की पुढच्या कुस्तीला फेरी चालेल, रस्सा चालणार नाही. ते म्हणाले, "बिनरश्श्याचा इजय म्हंजे पराभवच की ओ." पण ऐकलं. राजाभाऊंची उधारी फिटली तेव्हा गल्लीला प्रत्येकी दोन शेंगदाण्याचे लाडू मिळाले. चटणीचे का केले नाहीत, असं सुतारमामांनी विचारलं.

खरा खटका उडाला तो त्यानंतर. नियमाप्रमाणे आता नऊ हजारांच्या फायनान्सची पाळी होती. व्याजानं बघा किंवा आकारानं बघा, दोन्हीकडून तीच. आणि आण्णा जत्रांच्या मानधनाचे, संजूने पाठवलेले, आक्काताईंनी साठवलेले असे पैसे गोळा करून महिन्यामागून महिना सुतारमामांना देऊ लागले. चाळीस हजारांना!

"आण्णा, हे तुमच्याच नियमात बसत नाही," मी वही पुढे केली. "रेवड्यांवरची कुस्ती राहिली बाजूला आणि तुम्ही मधलीच मोठी लावलीत."

"राहू दे की, वैनी."

"फायनान्सचं व्याज वाढतंय."

"वाढू दे. मैदान माझं हाय."

मला राग आला. मी वही त्यांच्या हातात दिली आणि सांगितलं, मग मांडणीही तुमचीच. पंधरा दिवस आम्ही बोललो नाही. आण्णा सकाळी वर्तमानपत्र वाचायला यायचे, पण मनात वाचायचे. आमच्या ह्यांना पेपर पहिल्यांदाच शांततेत मिळाला, तरी दोन दिवसांनी तेच म्हणाले, "मिटव बाई. राशिभविष्य ऐकायची सवय झालीय."

मिटवायला म्हणून मी आक्काताईंकडे ब्लाउजचं कापड घेऊन गेले. आण्णा बाहेर गेले होते. मी जाता जाता विचारलं, "संजू दिवाळीलाही आला नाही ना?"

आक्काताईंनी मशीन थांबवली.

"आलता की. मागच्या बोळातनं आलता. फराळ केला, माझ्या पाया पडला आनि उजाडायच्या आत तिकडनंच गेला. म्हटलं, लेकरा, पुढच्या दारानं जा की. तवा राजाभाऊंचं बी फिटलं न्हवतं. म्हणतोय, आई, राजाभाऊंच्या दुकानावरनं कसा जाऊ? सुतारमामा दारातच बसलेलं असत्यात. काय बोलत न्हाईत ते, पर बगत्यात की."

"आण्णांना माहीत आहे?"

"त्येंनीच तर बोळाचं दार उघडलं. मी म्हटलं, ह्यो काय तमाशा लावलाय तुमी गल्लीत, सगळ्यास्नी वरडून सांगताय. तर म्हणत्यात, लोकांनी पोराला हसण्यापरास बापाला हसलेलं बरं."

मी कापड तिथंच ठेवून बाहेर आले आणि गल्लीच्या तोंडापर्यंत चालत गेले. मग वळून घराकडे बघितलं. तोंडाला बाळूची डेअरी. पुढे डाव्या हाताला राजाभाऊंचं दुकान. मग सुतारमामांची ओसरी. शेवटी शांताक्कांचं दार आणि त्याला लागून आण्णांची पायरी. मी व्याज बघत होते, आण्णांनी मला आकार दाखवला होता, आणि माणूस फेडत होता दारं. एकेक दार, गल्लीच्या तोंडापासून घरापर्यंत. फायनान्स कंपनीची कचेरी कुठं आहे हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. तिच्यावरून कुणाला चालत यायचं नव्हतं.

संध्याकाळी मी आण्णांकडे वही परत मागितली.

"का ओ? राग गेला?"

"सुतारमामांचे किती राहिले?"

"अकरा हजार."

"भिशीत या महिन्याचा नंबर माझा आहे. मला सध्या गरज नाही. अदलाबदल करून तुमचा नंबर आधी लावते. पण हप्ते एक तारखेला यायला पाहिजेत, आणि रस्सा नाही."

आण्णांनी वही काढून माझ्या हातात ठेवली. मग म्हणाले, "पातळ बी न्हाय?"

"पातळही नाही."

सुतारमामांचं फिटलं. शांताक्कांचं फिटायला पुढचा उन्हाळा उजाडला. त्या म्हाताऱ्या बाईनं पैसे मोजले नाहीत, आण्णांच्या देखत धान्याच्या डब्यात टाकले आणि विचारलं, "आता तरी पोरगं पुढनं येतंय न्हवं?" म्हणजे गल्लीत मी सोडून सगळ्यांना कळलं होतं. फायनान्स कंपनीचं आणि बँकेचं अजून चालू आहे; त्यांचं मी बघते, व्याजाच्या क्रमानं.

त्यानंतरच्या रविवारी संजू येणार होता. सकाळपासून मी तीनदा पायरी झाडली, म्हणजे पायरी घाण होती असं नाही. साडेदहाला तो गल्लीच्या तोंडाशी दिसला. पाठीला पिशवी, नजर जमिनीवर. डेअरीवरून तो तसाच पुढं आला. राजाभाऊंच्या दुकानापाशी आला, आणि राजाभाऊ गल्ल्यावरून अर्धे बाहेर वाकले.

"काय रं संज्या! वाळलास की! पुण्यात जेवाय घालत न्हाईत व्हय?"

मी तेवढं बघितलं आणि आण्णांना सांगायला त्यांच्या घरात पळाले. मला वाटलं होतं, ते दारातच असतील. ते स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून पाटावर बसले होते आणि लसूण सोलत होते. पुढ्यातली परात पाकळ्यांनी भरली होती. मटण अर्धा किलो आणि जेवायला तीन माणसं.

"आण्णा, आला संजू."

"कुठंवर आला?" ते इतकं हळू बोलले की मला पुढं वाकावं लागलं.

"राजाभाऊंच्या दुकानापाशी आहे."

"चालतोय कसा? खाली बघून, का वर बघून?"

मी वहीत कधी खोटी नोंद केलेली नाही. राजाभाऊंनी हाक मारल्यावर पोरानं मान उचलली होती आणि हसलं होतं.

"वर बघून," मी म्हणाले.

आण्णांनी मान हलवली आणि सोललेलीच एक पाकळी परातीतून उचलून पुन्हा सोलायला घेतली.