आधी तुम्ही, आज्जी

विष्णुपुरीच्या रस्त्याला उभ्या राहिलेल्या 'गोदारंग मनोरंजन नगरी'त सौजन्याची टंचाई निर्माण झाल्याची बाब व्यवस्थापनाच्या निदर्शनास आली, तेव्हा दिवाळीच्या सुट्ट्या ऐन भरात होत्या. पाण्याची टंचाई असती तर टँकर मागवला असता. वीज गेली असती तर जनरेटर होता. पण झालं असं, की एका बाबागाडीचं चाक लातूरच्या एका सद्गृहस्थांच्या अंगठ्यावरून गेलं आणि त्यांनी गाडीतल्या बाळाचा, त्याच्या घराण्यासकट, यथेच्छ उद्धार केला. त्याच संध्याकाळी, गुडघे दुखणाऱ्यांसाठी ठेवलेल्या बॅटरीच्या गाडीवर कुणीतरी ओले टॉवेल वाळत घातले. गाडीवर आजोबा बसलेले असताना.

व्यवस्थापक शरदचंद्र हळव्या मनाचे होते. त्यांनी तातडीने 'सौजन्य पंधरवडा' जाहीर केला. नियम सुटसुटीत होता. बाबागाडी किंवा बॅटरीची गाडी समोर दिसताच प्रत्येक नागरिकाने जागच्या जागी थांबावे, दोन पावले मागे सरावे, हात जोडावेत व हसतमुखाने 'आधी तुम्ही' असे म्हणावे. सदर कृतीचा फोटो पाठविल्यास निवडक सौजन्यवीरांची छबी प्रवेशद्वारावरील भव्य पडद्यावर झळकविण्यात येईल. चेहरा हसतमुख नसल्यास सौजन्य ग्राह्य धरले जाणार नाही.

नेमक्या याच पंधरवड्यात तुळजाबाई गोदारंगात आल्या.

तुळजाबाई उमरीकडच्या; माहेरही तिथलंच. उभी हयात काळ्या रानात वाकून गेली, आणि आता गुडघे जुन्या दाराच्या बिजागरीसारखे झाले होते; उघडताना एक कुरकुर, मिटताना दुसरी. कुणाचा कोपर धरून चार पावलं टाकायच्या, जिना असला तर दम घेत घेत चढायच्या, पण पुढं गुडघे रुसून बसायचे. नांदेडात मास्तरकी करणाऱ्या त्यांच्या मुलानं, भागवतनं, ऑपरेशनची तारीख घेतली होती. तुळजाबाईंनी एकच अट घातली.

"आधी पाळणा, मग दवाखाना."

"कोणता पाळणा, आई?"

"त्यो आभाळात फिरतो त्यो. तुझ्या विष्णुपुरीचा. यष्टीतून दिसतो की मला."

या अटीला फार जुनी मुळं होती. परकरी वयात त्या वडिलांबरोबर, किशनरावांबरोबर, माळेगावच्या जत्रेला गेल्या होत्या. तिथं लाकडी आकाशपाळणा होता. किशनरावांनी धाकट्या लेकाला पाळण्यात बसवलं आणि लेकीला म्हणाले, "तू पुढल्या साली." पुढल्या साली लेकीचं लग्न झालं. भाऊ मात्र खाली उतरला तो डोळे विस्फारून सांगत सुटला, "आक्का, वरून आपलं घर दिसतंय गं! माय अंगणात उभी हाय, हात हालवू लागली!" त्यावर विश्वास ठेवावा की ठेवू नये, हे तुळजाबाईंचं अजून ठरलं नव्हतं. जात्यावर बसल्या की मात्र ओठांवर आपोआप यायचं:

*जत्रेचा ग पाळणा, ढगाच्या कानी बोलतो*
*माझ्या मायेचा पदर, तिथून हलताना दिसतो*

आता जातं गेलं, माय गेली, भाऊही गेला. उरलं होतं ते त्या दोन ओळींची खात्री करून घेणं.

दाराशीच त्यांना बॅटरीची गाडी मिळाली. लाल, तीन चाकांची, मागं सरली की टीं टीं करणारी. बरोबर भागवत, आणि सहा महिन्यांच्या शिवांशची बाबागाडी ढकलत सून उज्वला. समोर, झाडांच्या वर, पाळणा सावकाश फिरत होता. तुळजाबाईंनी मूठ पिळली आणि त्यांची स्वारी निघाली.

पहिल्याच वळणावर एक कुटुंब जागच्या जागी थांबलं. दोन पावलं मागं सरलं. हात जोडले.

"आधी तुम्ही, आज्जी!"

तुळजाबाईंचे डोळे भरून आले. "औक्षवंत व्हा रे बाळांनो. चांगल्या मायच्या पोटचे दिसता."

त्या पुढं निघाल्या, तसा कुटुंबप्रमुख ओरडला, "थांबा थांबा! फोटो हालला. आज्जी, जरा मागं घेता का?"

टीं टीं टीं. तुळजाबाई मागं आल्या. कुटुंबानं पुन्हा वाट दिली. या खेपेला धाकटी हसली नाही. टीं टीं टीं. तिसऱ्या खेपेला सौजन्य स्वच्छ आलं.

तोवर त्या कुटुंबाच्या मागं दुसरं कुटुंब वाट द्यायला येऊन उभं होतं. त्याच्या मागं एक बचत गट. त्याच्या मागं लातूरच्या क्लासची पोरं, जी कशालाही रांग लावायला तयारच असतात. आज्जींना वाट देणाऱ्यांची रांग थेट कारंज्यापर्यंत गेली, आणि ती सगळी वाटेतच उभी असल्यामुळं वाट उरली नाही.

"भागवता," तुळजाबाई म्हणाल्या, "ही माणसं बाजूला कामून होईनात?"

"तुला वाट देऊन राहिलेत, आई."

"मग देऊन झाली की सांग मला."

तक्रार शरदचंद्रांपर्यंत गेली. ते शिट्टी घेऊन आले, परिस्थितीची पाहणी केली आणि बॅटरीच्या गाड्या व बाबागाड्यांसाठी स्वतंत्र 'सौजन्य मार्ग' आखून दिला. दोन्हीकडं दोऱ्या, दोऱ्यांना झेंडूच्या माळा. हा मार्ग प्रत्येक खेळाच्या दाराशी थेट जात होता. पायी चालणाऱ्यांची रांग निराळी, उन्हातून, वळसे घेत.

ही बातमी पसरायला भजी तळून निघतात तेवढाही वेळ लागला नाही. भाड्याच्या सगळ्या बाबागाड्या उचलल्या गेल्या. एका बाबागाडीत कलिंगड होतं, त्याला कुंची घातलेली. एकीत पाण्याचा जार. एकीत पाचवीतला मुलगा गुडघे कानाला लावून बसला होता आणि त्याचे वडील त्याला सांगत होते, "अंगठा चोख. चोख म्हणलं ना!" तुळजाबाईंच्या पुढं बॅटरीच्या गाडीवर एक आडदांड गडी जिलबी खात बसला होता. मांड्या अशा, की त्यांच्याखाली गाडी दिसत नव्हती. उदगीरकडचा माणिकप्पा. तालमीतला वस्ताद.

"काय झालं रे लेकरा पायाला?" तुळजाबाईंनी मायेनं विचारलं.

"पायाला काय होतंय अव्वा? पाय लोखंड हाय." माणिकप्पानं जिलबी पुढं केली. "रांग लई आजारी हाय बगा. तिच्यापायी बसलोय."

"मग उतर की. म्हातारीला जाऊ दे पुढं."

"जावा की! आधी तुम्ही!" माणिकप्पानं दोन्ही हात जोडले. हात जोडल्यामुळं गाडीची मूठ सुटली आणि गाडी आडवी झाली. मार्ग बंद पडला.

आता सौजन्य मार्गात सगळेच सौजन्याला पात्र होते, आणि नियमानुसार प्रत्येकानं दुसऱ्याला 'आधी तुम्ही' म्हणणं भाग होतं. कलिंगडवाल्यानं तुळजाबाईंना म्हटलं, तुळजाबाईंनी जारवाल्या बाईला, जारवाल्या बाईनं माणिकप्पाला. कुणी हलेना. शरदचंद्रांनी भोंगा तोंडाला लावला.

"कृपया लक्ष द्या! दोन सौजन्यपात्र व्यक्ती समोरासमोर आल्यास अधिक त्रास असलेल्या व्यक्तीस प्राधान्य देण्यात येईल. आपापला त्रास हात वर करून सांगावा!"

मराठवाड्याच्या माणसाला आपला त्रास सांगा म्हणणं म्हणजे ढगाला बरस म्हणण्यासारखं. एका क्षणात शेकडो हात वर झाले. "मला शुगर हाय!" "मला पित्त!" "मला थोरल्या जावेचा लई त्रास हाय साहेब, सांगायचा का?" एकानं दहावीतले गणिताचे मार्क सांगितले. माणिकप्पानं बरंच आठवून, लहानपणी कांजिण्या आल्याचं सांगितलं. तुळजाबाईंनी हात वर केला नाही. गुडघ्याचं दुखणं चारचौघांत ओरडून सांगायची त्यांना लाज वाटली. त्यामुळं त्यांचा नंबर शेवटी लागला.

ऊन कलंडलं. गोदावरीचं पाणी केशरी झालं. पाळणा दिवेलागणीला बंद होतो, असं दारावर लिहिलेलं उज्वलानं मघाशीच वाचलं होतं.

"आत्याबाई, उद्या परत येऊ का?"

"उद्या दवाखान्यात भरती व्हायचंय ना गं? अन् भुलीतून उठले न उठले..."

"असं कामून बोलता!"

"बोलत न्हाई. पाळण्याकडं बगते."

तेवढ्यात शरदचंद्रांची नजर त्यांच्यावर गेली. दिवसभरातल्या बहुतेक फोटोंत हीच आज्जी होती. त्यांच्या हळव्या मनात कल्पना आली.

"आज्जी, आज सर्वाधिक सौजन्य आपण स्वीकारलंत. आपला सत्कार करायचाय. शाल, श्रीफळ. पाळण्याशेजारीच व्यासपीठ आहे."

"साहेब, सत्कार ऱ्हाऊ द्या. मला पाळण्यात बसवा."

"बसवू ना! सत्कार झाला की. पाहुण्यांचं भाषण नीट ऐकू यावं म्हणून तोवर पाळणा बंद ठेवायला सांगतो."

"पाहुणे कुठं हायत?"

"निघालेत."

गाड्यांचा तांडा कसाबसा व्यासपीठाशी आणला गेला. गुडघे नसलेल्यांच्या सन्मानासाठी उभारलेल्या त्या व्यासपीठाला उंच पायऱ्या होत्या. तुळजाबाई त्या पायऱ्यांकडं बघत होत्या. मग त्यांनी पलीकडं बघितलं. तिथं पायी चालणाऱ्यांची रांग होती, म्हणजे असायला हवी होती. सगळं गाव सौजन्य मार्गात आल्यामुळं ती रांग पार मोकळी पडली होती. पाळण्याचं दार तिथून आठ-दहा पावलांवर, आणि पाळणा अजून फिरत होता.

"उज्वला," त्या हळूच म्हणाल्या, "कोपर दे."

"आत्याबाई, जमंल का?"

"एवढं जमतंय. जास्तीचं जमत न्हाई, मनून तर गाडी हाय."

तुळजाबाई उठल्या. एक गुडघा कुरकुरला, दुसऱ्यानं त्याला साथ दिली. सुनेचा कोपर धरून, ओठ मिटून, पाऊल टाकत त्या दाराशी पोचल्या. पाळणा चालवणारी बुद्धप्रिया नावाची पोरगी होती. तिनं हात जोडले नाहीत, हसली नाही, मागंही सरली नाही. "डाव्या हातानं दांडा धरा आज्जी, मी उचलते," म्हणाली, काखेत हात घालून त्यांना आत बसवलं, शेजारी उज्वलाला बसवलं आणि कडी लावली. पाळणा निघाला.

खाली सगळ्यांच्या माना वर झाल्या. मग एकजण किंचाळला.

"अरे! चालती की रे म्हातारी!"

दिवसभर जोडलेले हात सुटले. त्या हातांत मोबाईल होतेच. दिवसभर ज्यांनी आज्जींना वाट दिली होती, त्या सगळ्यांना एकाच वेळी आपण लुबाडले गेल्याचा साक्षात्कार झाला. कलिंगडवाला कलिंगड छातीशी धरून म्हणाला, "खऱ्या गरजूंनी मग जायचं कुठं?" जारवाल्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. सर्वांत जास्त दुःख माणिकप्पाला झालं.

"पाय हायत तर गाडीवर बसायचं कशाला?" तो गाडीवर बसल्या बसल्या गरजला. "लाज न्हाई का लोकांना?"

"माझी आई आहे ती!" भागवत बाबागाडीची मूठ घट्ट धरून ओरडत होता. "तिला थोडंसंच चालता येतं!"

"थोडंसं म्हणजे किती? काय ते एक ठरवा की मास्तर!"

शरदचंद्रांनी सत्कार तत्काळ मागे घेतला. पण शाल आणलेली होती, नारळ सोललेला होता आणि पाहुणे पोचले होते. तेव्हा, दिवसभरात एकदाही गाडीवरून न उठल्याबद्दल, सत्कार माणिकप्पाचा करण्यात आला. शाल घ्यायला तो व्यासपीठाच्या पायऱ्या दोन दोन करत चढला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

हे काही तुळजाबाईंना कळलं नाही. त्या वर होत्या. वारा पदरात शिरत होता. खाली गोदावरी, पल्याड धूसर रान, त्याच्या पल्याड नुसतं आभाळ. त्यांनी उमरीच्या दिशेला डोळे बारीक करून पाहिलं. घर नाही, अंगण नाही, कुणी हात हलवत नाही. काहीच दिसत नव्हतं. दिसणारच नव्हतं. माळेगावच्या त्या लाकडी पाळण्यातून तर त्याहून नाही.

"लबाड रं माझा भाऊ," त्या म्हणाल्या आणि पोट धरून हसू लागल्या. उज्वलानं घाबरून खाली बघितलं. खाली तोवर दिवे लागले होते, आणि अंधारात असंख्य मोबाईल त्यांच्याकडं रोखलेले होते, काजव्यांसारखे. तुळजाबाईंना ते फार गोड दिसले. त्यांनी पदर सोडवून घेतला आणि हात हलवला.

खाली उतरल्या तेव्हा त्यांची लाल गाडी जप्त झाली होती. भागवतनं शिवांशला कडेवर घेतलं, तुळजाबाईंनी त्याची रिकामी बाबागाडी धरली, आणि तिच्या आधारानं, थांबत, टेकत, त्या दाराकडं निघाल्या. आता कुणी थांबलं नाही. कुणी मागं सरलं नाही. दाराच्या भव्य पडद्यावर माणिकप्पा हसत होता.

"दिसलं का गं आई, माहेर?" भागवतनं विचारलं.

तुळजाबाईंनी नातवाच्या गालाला बोट लावलं. "दिसलं की. समदं दिसलं. माय अंगणात उभी होती. हात हालवू लागली."

'बघा चमत्कार! म्हातारीला पाय फुटले!' असं वर लिहिलेला तो व्हिडिओ त्याच रात्री नांदेडातून निघाला आणि सकाळच्या चहाला सगळ्या महाराष्ट्रात पोचला. त्यात पाळण्यात बसलेली एक म्हातारी हसते, हात हलवते. लोकांना चिडवतेय असंच वाटतं. एवढ्या जणांकडं आला, तर तुमच्याकडंही आलाच असेल. तुम्ही हसलात, त्याला आमची ना नाही. एवढंच आठवून बघा: पुढं पाठवताना तुमचा अंगठा जागच्या जागी थांबला होता का?