पिवळ्या झेंडीपर्यंतची सरळ रेषा

"मला फक्त दोन बिंदू द्या, मनोहरराव! त्यांतून जाणाऱ्या रेषेचं समीकरण मी झोपेतही काढीन!"

शहरातल्या महाल भागातले गणिताचे मास्तर मधुसूदन हे बोलून गेले आणि फसले! ते पारशिवनीला आले होते मुलगी पाहायला. कार्यक्रम संध्याकाळचा, पण मनोहररावांना जावई पारखायची कोण घाई! त्यांनी सकाळीच मास्तरांना शेतात उभं केलं. संत्र्याच्या पहिल्या ओळीचे खड्डे खणायचे होते. ओळ विहिरीपासून निघून थेट पलीकडच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, रोवलेल्या पिवळ्या झेंडीला भिडायला हवी.

"ओळ सरळ आली, तं पोरगी दिली समजा!" एवढं बोलून ते गावात गेले.

जुना गडी धोंडबा पुढे आला. "दोरी ताणू काय, मास्तर?"

"दोरी ठेव! पावलं मोज!"

झेंडी विहिरीच्या पूर्वेला तीनशे साठ पावलं, तिथून उत्तरेला एकशे वीस. म्हणजे तीन पावलं पुढे, की एक पाऊल डावीकडे. य बरोबर क्ष भागिले तीन! मास्तर खुंट्या ठोकत निघाले, मागून डझनभर मजूर खड्डे खणत निघाले.

एकशे वीस पावलांवर बाभळीची सावली लागली आणि मास्तर टेकले. वैशाखाच्या झळांत सगळं शेत पाण्यासारखं हलत होतं. मिटल्या डोळ्यांपुढे अजून न पाहिलेली चारुशीला महालातल्या खोलीत चहा घेऊन येत होती, कप ठेवत होती, पुन्हा येत होती. किती सुख वाटलं त्यांना! डोळे उघडले तर दूरवरचं पिवळं डावीकडे सरकलेलं!

"धोंडबा, चुकलास! ते पिवळं दिसतं तिथवर पुन्हा मोज!"

"पण मास्तर, ते पिवळं तं..."

"विचार करायचं काम माझं!"

धोंडबानं निमूट मोजलं. आता य बरोबर क्ष भागिले दोन, वजा वीस! थोड्या वेळानं पिवळं पुन्हा सरकलं. पुन्हा मोजणी, पुन्हा समीकरण! संध्याकाळपर्यंत ओळ जिलबीसारखी वळत गेली आणि शेवटची खुंटी एका आंब्याखाली, पिवळ्या लुगड्यातल्या मुलीच्या पायाशी ठोकली गेली.

मनोहरराव परतले ते ओरडतच. "हे काय करून ठेवलं गा!"

"दुसरा बिंदू हलला," मास्तर पुटपुटले. आता कसली मुलगी नि कसलं लग्न! रडूच यायचं बाकी होतं.

"झेंडी तं दुपारीच पडली, बाबा," मुलगी म्हणाली. "मी एकेका आंब्याखाली कैऱ्या वेचून राहिली होती. हे खड्डे खोदत माह्याच मागं!"

म्हणजे ही चारुशीला! मास्तर पाहतच राहिले.

"मले पसंत आहेत हे," ती हळूच म्हणाली.

"काहून वं?"

"इतक्या उन्हात, इतक्या दुरून माह्याकडं कोण आलं होतं आजवर?"

मनोहररावांनी एकदा पोरीकडे पाहिलं, एकदा वाकड्या ओळीकडे. मग धोंडबाच्या हातातलं फावडं घेऊन मास्तरांच्या हाती दिलं.

"तीस खड्डे बुजवाचे आहेत, जावईबापू!"