चार खोल्यांचें पाहुणघर विकिलें त्याची हकीकत

आपण पुसिलें कीं, पाहुणघर कैसें विकिलें आणि त्या मोहिमेंत कोणीं काय पराक्रम केला, तें साद्यंत लिहावें. त्यावरून जें पाहिलें, जें ऐकिलें आणि जें घरच्यांनीं दडविलें, तें सर्व लिहितों. चित्त देऊन ऐकावें.

समुद्राजवळील गल्लींत चार खोल्या प्रवाशांस दोन-चार रात्रींपुरत्या भाड्यानें देण्याचा कारभार श्रीमंत दादासाहेब आणि वहिनीसाहेब करीत असत. रोज चादरी धुवाव्या, रोज हरवल्या किल्ल्या शोधाव्या आणि वायफाय चालत नाहीं ऐशा फिर्यादी ऐकाव्या, येणेंकरून उभयतां जेरीस आलीं. मग मसलत ठरली कीं, दौलत विकोन आपण फ्लॅटांत सुखें नांदावें. गिऱ्हाईकही चालोन आलें. एक दंतवैद्य, मितभाषी, खासे मुत्सद्दी. लोकांचीं तोंडें उघडून आंत पाहण्यांत ज्यांची हयात गेली, त्यांपुढें कोणाची लबाडी टिकावी?

परंतु घरांत एक नाजूक प्रकरण होतें, तें म्हणजे आत्याबाई. दादासाहेबांच्या सख्ख्या आत्या, मुलींच्या वसतिगृहाच्या निवृत्त रेक्टर. त्या दारापाशीं खुर्ची टाकून बसत आणि वाळूचे पाय घेऊन आलेल्यांस तेथेंच रोखीत, आणि ओला टॉवेल पलंगावर टाकणारास जातीनें बोलावून वाळत घालावयास लावीत. हें पाहोन गिऱ्हाईक पळेल, या भयें वहिनीसाहेबांनीं त्यांस धाकट्या बहिणीकडे रवाना केलें. नांव हवापालटाचें, काम हद्दपारीचें.

मग दंतवैद्यांची स्वारी आली. नवे पडदे झळकत होते, आणि वहिनीसाहेब इतक्या हंसल्या कीं गाल दुखूं लागले. दंतवैद्यांनीं गाद्या दाबिल्या, नळ सोडिले, कुरकुरणारें दार दोनदां उघडून मिटिलें, आणि मग सोफ्यावर बैसोन पुसिलें, "त्या बाई कुठे आहेत?"

"कोणत्या बाई?" दादासाहेब म्हणाले, जणूं बाई हा शब्दच नवा.

तेव्हां दंतवैद्यांनीं मोबाइल काढून प्रवाशांचे अभिप्राय वाचिले. एकानें लिहिलें, "गादी कडक, पाणी कोमट, पण आत्यांनी ओरडून उठवलं म्हणून सूर्योदय दिसला." दुसरीनें लिहिलें, "आई गेल्यापासून इतक्या हक्कानं कोणी रागावलं नव्हतं." मग फर्मावलें कीं, खोल्या गल्लींत ढिगानें आहेत, आत्याबाई असतील तर सौदा, नसतील तर चहाबद्दल आभार.

उभयतांच्या तोंडचें पाणी पळालें. आणि ज्यांनीं हद्दपार केलें, त्यांनींच मोटार काढिली आणि बहिणीचें दार गांठलें. आत्याबाई भाजी निवडीत होत्या.

"आत्या, घरी चल. तुझ्याशिवाय करमत नाही."

"गिऱ्हाईक अडलंय ना?"

दादासाहेब हातांतील मोटारीची किल्ली फिरवूं लागले.

"अरे, 'दोन दिवस गप्प बस' म्हणाला असतास, तर बसले असते. हवापालटाला जाणाऱ्याच्या बॅगेत खुर्चीवरची उशी कोण भरतं रे?"

येथें दादासाहेबांची मान खालीं गेली. आणि शूरांची हकीकत लिहितांना हें लिहूं नये, परंतु डोळेही भरले. वहिनीसाहेब पुढें होऊन भाजी निवडूं लागल्या.

मग आत्याबाई परतल्या आणि थेट दंतवैद्यांशीं तह केला: पगार महिन्याचे महिन्याला, रस्त्याकडील खोली कायमची, आणि पुतण्यानें कारभारांत नाक खुपसूं नये. दंतवैद्यांनीं तिन्ही कलमें मान्य केलीं आणि सही ठोकली. उठतां उठतां त्यांनीं चहाचा कप खिडकींत ठेविला, तों आत्याबाई कडाडल्या, "तो आत कोण नेऊन ठेवणार?" दंतवैद्य कप घेऊन निमूट स्वयंपाकघरांत गेले आणि माल अस्सल असल्याची खातरजमा जाहली.

उभयतां फ्लॅटांत गेलीं. तेथें टॉवेल कोठेंही टाकावा, कोणी बोलत नसे. महिना न लोटतां दादासाहेबांनीं फोन लाविला कीं, आम्हीं शनिवारीं राहावयास येतों.

"या की," आत्याबाई म्हणाल्या. "पण बुकिंग करून या. नातेवाइकांना सवलत नाही."

पाहुणघर गेलें, आत्याबाईही गेल्या. यास उभयतां फत्ते म्हणतात, सबब तैसेंच लिहून ठेविलें असे.