मोरोपंतांची उल्का

मोरोपंतांना त्या लोखंडाच्या गोळ्यावर नक्षी हवी होती आणि ती आजच हवी होती. उद्या अमरावतीच्या विज्ञान मंडळात 'दर्यापूरची उल्का' हे त्यांचं व्याख्यान होतं. हयात रसायनशास्त्र शिकवण्यात गेली, टाळी काही मिळाली नव्हती. लोखंडी उल्का घासून ॲसिड लावलं, की आडव्यातिडव्या पट्ट्या उमटतात. मग टाळ्या नक्की.

गोळा महादेवरावांच्या शेतात नांगराला लागला होता. वरचे खळगे पाहून पंत म्हणाले होते, "हवेत जळल्याच्या खुणा." आणि नेमकी तीच बाजू ग्राइंडरनं घासून त्यांनी आरशासारखी केली.

महादेवराव पाण्याच्या बाटलीत नायट्रिक ॲसिड घेऊन आले.

"सोनाराकून आनलं, सर."

"पाण्याच्या बाटलीत? कोणी प्यायलं तर?"

"कोन पिते जी? धूर निंगून राह्यला त्यातून."

"तोच धूर छातीत जातो. अडाण्यांचा कारभार."

"बाथरूमचं ॲसिड आहे ना घरी," पंतांच्या पत्नी सिंधूताई म्हणाल्या.

"ते संडासाला. उल्केला फेरिक क्लोराइड. धूर नाही, शांतपणे चढतं."

पंत गच्चीवर गेले. चष्मा, हातमोजे, रबरी एप्रन, पाण्याची बादली, खायचा सोडा.

"लग्नात एवढी तयारी नव्हती तुमची," सिंधूताई म्हणाल्या.

पंतांनी फेरिक क्लोराइडचा कुंचला गोळ्यावर फिरवला. थोड्या वेळानं एक उभी रेघ उमटली.

"आली," पंत पुटपुटले. "आता तिला छेदणारी येईल."

छेदणारी आली नाही. शेजारी एक गोल आला.

"हा एक," सिंधूताई वाकून म्हणाल्या. "हे शून्य. हा 'कि'."

"अन् हा 'लो'," महादेवराव म्हणाले.

ठसा मारला की खालचं लोखंडही दबतं. वरचं घासून काढलं तरी ॲसिड ते दाखवतं. हे पंतांनीच वर्षानुवर्षं शिकवलं होतं, समोरच्या पोरांना गाढव समजून.

"आभायात बी काटा लागते वाटते, सर," महादेवराव म्हणाले.

पंतांनी हातमोजे काढले आणि मंडळाला फोन लावला. "विषय बदला. 'ॲसिड हाताळताना घ्यायची काळजी'."

महादेवरावांनी गोळा धुऊन पोत्यात घातला. "मंग मी नेतो. कापूस मोजाले कामी येते."

"नेऊ नका."

"काहून?"

पंतांनी ग्राइंडरखालच्या लोखंडाच्या भुशाकडे पाहिलं.

"ते आता दहा किलो राहिलेलं नाही."