जिन्यात बसून केलेलं मतदान

या खेपेला मला कुणीही उचलणार नाही, असं मी महिनाभर आधीच अख्ख्या गावाला ऐकवून ठेवलं होतं! आमचं गाव लेबनॉनच्या डोंगरात, मतदान शाळेत, आणि मतपेटी शाळेच्या तिसऱ्या मजल्यावर. मी बावीस वर्षं चाकाच्या खुर्चीत. दर निवडणुकीला उमेदवारांची माणसं मला देवीच्या पालखीसारखी उचलतात, जिन्यातच आपल्या नावांची छापील चिठ्ठी, हीच पेटीत टाक म्हणून, माझ्या खिशात कोंबतात आणि फोटो काढतात. मग गावभर बोभाटा, की नुहाद शिंपिणीचं मत आमचं!

पेटी खाली आणा, असे तीन अर्ज मी केले. एकाचंही उत्तर नाही. तरी सकाळी शाळेत जाऊन थडकले. माझा चुलतभाऊ नखले यंदा नगरपालिकेला पुन्हा उभा होता. मी नको नको म्हणेपर्यंत त्याने उजवं चाक धरलं, तेवढ्यात विरोधकांनी डावं. पहिल्या वळणावर फोटोत पुढे कोण यावरून त्यांची जुंपली आणि खुर्ची खाली टेकली. मी खटकन ब्रेक लावले आणि दोन्ही हातांनी कठडा धरला. जिना बंद!

"ताई, ब्रेक काढ. लोक खोळंबलेत," नखले म्हणाला.

"खोळंबू देत. मी बावीस वर्षं खोळंबलेय."

केंद्रप्रमुख अस्माबाई वरून वाकून म्हणाल्या की पेटी जागची हलवता येत नाही.

"मग तिचं नि माझं दुखणं एकच," मी म्हणाले. "तिलाही उचला की चौघांनी."

पोलीस आला, समजूत घालून थकला आणि पायरीवर बसला. मीही हटले नाही. एक वाजता दोन्ही गटांच्या प्रतिनिधींचं जेवण आलं. झातरचा मसाला लावलेल्या गरम रोट्या आणि लसणाची कोंबडी खाली, प्रतिनिधी वर, मधे मी. वास तेवढा वर पोचत होता. पंधरा मिनिटांत ते जन्माचे वैरी एकमुखाने म्हणाले, पेटी खाली न्या. अस्माबाईंनी वरिष्ठांना फोन लावला, होकार मिळवला, तेव्हा कुठे मी ब्रेक काढले.

शाळेच्या अंगणात टेबल लागलं, पडदा लागला. तिथलं पहिलं मत माझं. खुर्चीला कुणाचा हात नाही, खिशात कुणाची चिठ्ठी नाही. कोऱ्या कागदावर नावं मी स्वतः लिहिली. अंगठ्याला शाई लागली तेव्हा मला रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही.

पेटी खाली आल्याची बातमी वाऱ्यासारखी पसरली. वर्षानुवर्षं जिन्याला भिऊन घरी बसलेली म्हातारी मंडळी काठ्या, कुबड्या टेकत आली. चाळीस तरी असतील. नखलेने मागच्या खेपेला निवडून आल्यावर गाड्या लावायला जागा हवी म्हणून चर्चसमोरची या म्हाताऱ्यांची बसायची बाकं उखडली होती. ते कुणीच विसरलं नव्हतं.

नखले सात मतांनी हरला.

आता तो रोज माझ्या दुकानात येऊन बसतो.

"ताई, जाऊ दे सगळं. एवढंच सांग, मत कुणाला दिलंस?"

मी बटणं लावत राहते. खरं सांगू? त्यालाच दिलं होतं, शेवटी काकांचा मुलगा! पण त्याला सांगणार नाही. मत गुप्त राहावं म्हणून अर्धा दिवस जिन्यात बसलेय मी.