द्वारकाकाकी उगाच येत नाहीत

वैशाखातली दुपार. महाडचं ऊन असं की गल्लीतली कुत्री गटारात पाय सोडून बसलेली. अशा वेळी द्वारकाकाकी पेटवलेला कंदील हातात घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या.

"मास्तर, मी उगाच नाय आले," उंबऱ्याबाहेरूनच त्यांनी जाहीर केलं. "कामाला आले. ह्यो कंदील आमच्या घरात मंद वाटतो. तुमच्याकडं कसा दिसतो त्ये बगायचा हाय."

मी कंदील खोलीच्या मधोमध ठेवला. काकी त्याच्या शेजारी टेकल्या. चहा झाला. आमच्या हिने फोडायला घेतलेली चिंच काकींनी बोलता बोलता फोडून संपवली. गल्लीतली दोन लग्नं जुळवून झाली, एक मोडून झालं. तेल संपून कंदील आपोआप विझला तेव्हा काकी उठल्या. "सारखाच दिसतो," एवढा निकाल दिला आणि गेल्या.

द्वारकाकाकी कामाशिवाय कोणाच्या घरी गेल्या, असं सांगणारा माणूस महाडात मिळणार नाही. तशा त्या सगळीकडे असत, पण प्रत्येक ठिकाणी काम असे. कोणाकडे घड्याळ जुळवायला, कोणाकडे मांजर आपलंच आहे का ते बघायला. कोणाकडे मयत झालं तर तिथेही दारातून सांगत, "मी उगाच नाय आले, रडायला आले." आणि रडत अशा, की गेलेल्या माणसालाही वाटावं, आपण जरा घाईच केली. मग डोळे पुसून, "झाला काम," म्हणून सरळ घरी.

याचं कारण त्यांनीच मला सांगितलं होतं. त्यांचं माहेर पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरात. "आमच्या गावात एका घरातनं दुसऱ्या घरात जायाला घाटी चढायला लागते, मास्तर. उगाच कोन चढंल?" पुढे लग्न होऊन त्या महाडच्या बाजारपेठेत आल्या. इथे एका घरातल्या फोडणीने दुसऱ्या घरातला माणूस शिंकतो. पण काकींच्या मनातली घाटी काही सपाट झाली नाही.

काका जाऊन बरीच वर्षं झाली होती. किराण्याचं दुकान भाड्याने दिलेलं. मुलगा पुण्याला इंजिनियर. तो रविवारी फोन करायचा. काकी रिसीव्हर उचलून विचारायच्या, "बोल, काय काम?"

"काम काही नाही आई, सहज."

"सहज? मंग ठेव."

आणि ठेवायच्या. बिचारा पूल बांधणारा माणूस, पण आईला फोन करायच्या आधी तासभर कारण शोधत बसायचा. एकदा त्याने विचारलं, "आई, तांदूळ किती पाण्यात धुवायचे गं?" काकी इतक्या खूश झाल्या की तांदळावरून कुळथावर आणि कुळथावरून थेट त्याच्या जन्मावर आल्या.

आता हलीमाखाला. आमच्या घराच्या डाव्या अंगाला काकी, उजव्या अंगाला खाला, आणि मधे आम्ही, दोन पाट्यांत सापडलेल्या मिरचीसारखे. खालाच्या मालकांचे एके काळी ट्रक होते. मालक गेले, ट्रक गेले, मुलगा कुवेतला गेला. खाला आणि त्यांचा आवाज मागे राहिला. खाला कानात बोलल्या की बिरवाडीच्या कारखान्यातले लोक भोंगा झाला म्हणून डबे उघडत.

मी महाडला बदलून आलो तेव्हा या दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. मोरीचं पाणी कोणाच्या बाजूने जावं यावरून फाटलं होतं. मग एका पावसाळ्यात सावित्री नदी बाजारपेठेत आली. ती अधूनमधून येतेच, तिला तरी बाजार नको का. तळमजले बुडाले आणि दोन्ही घरं आमच्या माडीवर चढली. पाणी उतरेपर्यंत काकी आणि खाला एकाच सतरंजीवर एकमेकींकडे पाठ करून बसल्या होत्या. आमच्या हिने केलेली पेज दोघींनी दोन भिंतींकडे बघत खाल्ली.

पूर ओसरला, चिखल काढून झाला, आणि एक दिवस तो डबा दिसला.

पितळी डबा. कडीचा, घट्ट झाकणाचा, आत सोललेला नारळ मावेल एवढा. खाला तो घेऊन आमच्या पडवीतून काकींच्या दारात गेल्या आणि म्हणाल्या, "द्वारके, तुजा डबा. पान्यात व्हात चाललेला." आत मूठभर शेवया होत्या, कारण शेजारचं भांडं रिकामं परत करायचं नसतं. हा नियम तुमच्याही घरात असेल. घरात काही नसलं तर चमचाभर साखर घालून भांडं पाठवतात, विषय मिटतो.

इथे विषय मिटेना. दुसऱ्या दिवशी काकी डबा घेऊन निघाल्या. "हलीमा, मी उगाच नाय आले. डबा माजा नाय, तुजा हाय." आत पोह्यांचा चिवडा. तिसऱ्या दिवशी खाला परत. "अगो बाय, तुजाच हाय." आत तांदळाची खीर.

जगात माणसं 'हे माझं' म्हणून भांडतात. या दोघी 'हे तुझं' म्हणून वर्षानुवर्षं भांडल्या. डबा आमच्या पडवीतून रोज इकडून तिकडे जायचा. पडवी हा जकात नाका होता आणि मी जकात वस्तूतच घ्यायचो. एका वर्षी रमजान आणि आषाढी एकादशी बरोबर आली, असं मी सांगतो तेव्हा पंचांगवाले डोकं खाजवतात, पण माझ्या पोटाला पक्कं आठवतंय. खालाला रोजा म्हणून त्यांनी साबुदाणा खावा कसा, आणि काकींना एकादशी म्हणून त्यांनी मालपोवे खावेत कसे? डबा इकडून भरला, तिकडून भरला, दोन्ही वेळा नाक्यावर अडला, आणि मी आठवडाभर डाव्या कुशीवर वळलो नाही.

पितळेला कल्हई लागते, नाही तर आतलं कळकतं. कल्हईवाला गल्लीत आला की दोन दारांतून दोन आवाज. "डबा तिचा हाय, पण कल्हई मी करून देते." त्याने कधी हिच्या वतीने, कधी तिच्या वतीने कल्हई केली. थरावर थर चढून शेवटी आतली जागा एवढी कमी झाली की नारळाऐवजी लिंबू मावेल की नाही याची मला शंका होती.

दोघी सवच्या गरम पाण्याच्या कुंडांवरही जायच्या. सहलीला नव्हे. "गुडघ्यांच्या कामाला," काकी रिक्षावाल्याला बजावत. मी एकदा सोबत होतो. पाण्यात पाय सोडून दोघी बसल्या, मधे डबा.

"वडी दगड झालीय, द्वारके."

"तुजं दात झिजलं त्याला वडी काय करील?"

"माजं दात? परवा सुपारी फोडली मी."

"अडकित्त्यानं फोडली असशील."

तिथून पुढे पाणी जे उकळायला लागलं, ते का याचा शोध सरकारी भूगर्भवाले अजून घेतायत.

असा हा डबा एकदा खालाकडे गेला आणि परत आला नाही.

पहिल्या दिवशी काकी म्हणाल्या, "बरं नसंल तिला." दुसऱ्या दिवशी त्यांनी झाडू घेऊन गल्ली झाडायला सुरुवात केली. आपल्या दारापासून आमच्या पायरीपर्यंत, पुन्हा परत. नगरपालिकेने घातलेली खडी त्यांनी झाडून काढली, खालची जुनी खडी वर आली. तरी त्या आमच्या पायरीपलीकडे सरकेनात.

"काकी, जाऊन विचारा ना," मी म्हटलं.

"उगाच कशी जाऊ?" त्यांनी झाडू भिंतीला टेकला आणि दोन्ही तळहात माझ्यापुढे उघडले. "डबा तिच्याकडं. माज्या हातात काय हाय?"

मग मीच गेलो. खालाच्या घरात गाठोडी बांधलेली. मुलगा कुवेतहून कायमचा परत आला होता आणि त्याने मुंब्र्याला जागा घेतली होती. "सातव्या माळ्यावर," खाला म्हणाल्या, चक्क हळू आवाजात. "लिफ्ट हाय म्हणे. शेजारी कोन हाय त्ये इचारलं, तर त्यालापन ठाऊक नाय." डबा त्यांच्या मांडीवर होता.

"खाला, काकी वाट बघतायत."

"ठाऊक हाय. झाडूचा आवाज येतो." त्यांनी झाकण उघडून आतल्या शेवया दाखवल्या. "भरून ठेवला, मास्तर. पन मी दिला की ती भरून आननार. मंग माजी पाळी. आनि माजी पाळी येल तवा मी हितं नाय. म्हनून धरून बसलेय."

डबा मी नेला. जकात घेतली नाही, याची नोंद असावी. काकी पाटावर बसून तांदूळ निवडत होत्या. मी बातमी सांगितली. त्यांनी डबा उघडला, वास घेतला.

"तूप कमी घातलंय," म्हणाल्या.

त्यांनी झाकण परत लावलं.

"लेक नेतो तर जावं मानसानं. हितं पडली-झडली तर कोन बगनार?" आणि त्यांनी निवडलेले तांदूळ न निवडलेल्या तांदळात ओतले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. थोड्या वेळाने विचारलं, "गाडी कवाची?"

खाला निघाल्या त्या सकाळी काकी माझ्याआधी रिक्षात बसल्या होत्या. मांडीवर डबा, आत नारळाच्या वड्या. "मी उगाच नाय चालले," रिक्षावाल्याने विचारलंही नव्हतं, "डबा द्यायला चालले."

वीर स्टेशन म्हणजे दोन फलाट आणि भरपूर वारा. खालाचा मुलगा सामान मोजत होता. या दोघी बाकावर बसल्या. आता काहीतरी मोठं बोलतील म्हणून मी जरा बाजूला झालो. पण ऐकू यायचं ते आलंच.

"गुडघ्याला तेल लावत जा."

"तू लावतेस?"

"माजं सोड. आनि लिफ्टमदी एकटी जाऊ नको. मदीच बंद पडली तर?"

"पडली तर आराडंन. तुला हितं ऐकू येल."

"त्ये येल," काकी म्हणाल्या.

दिव्याकडे जाणारी पॅसेंजर आली. मुलाने सामान आत फेकलं, आईला चढवलं. खाला दारात उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात पुढे केले. डब्यासाठीच. काकींनी कडी काढली.

"पदर पसर."

खालाने पदर पसरला. काकींनी डबा त्यात पालथा केला. सगळ्या वड्या पदरात. एक निसटून फलाटावर पडली, ती उचलून फुंकर मारून तीही वर ठेवली. मग रिकाम्या डब्याला झाकण लावून तो स्वतःच्या काखेत मारला.

"अगो, डबा?" खालाचा जुना आवाज परत आला. अख्ख्या फलाटाने वळून पाहिलं. "डबा दे माजा."

एवढ्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदा 'माझा' म्हटलं होतं.

"रिकामा कसा देऊ?" काकी म्हणाल्या. "रिकामा भांडा द्यायचा नसतो."

गाडी हलली. खाला दारात, दोन्ही हातांनी पदर धरलेला, त्यामुळे हात हलवता येईना. त्या फक्त मान हलवत राहिल्या. होय की नाही, ते गाडीच्या धक्क्यांमुळे मला कळलं नाही.

परतताना रिक्षा खड्ड्याखड्ड्यांतून चालली होती आणि काकींच्या मांडीवर रिकाम्या डब्याची कडी वाजत होती. मला राहवेना. "काकी, आता तरी सांगा. डबा नक्की कोणाचा?"

"कोनाचा कसला. पुरात व्हात आलेला. तुमच्या माडीवरनं तिनंच काठीनं ओढला."

"तुम्ही तर तिकडे पाठ करून बसला होतात."

"बसलेली. बगितला तरी."

"मग ती तुमचा म्हणून घेऊन आली, तेव्हाच का नाही सांगितलंत?"

काकींनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी शाळेत फळ्याकडे पाठ करून बसलेल्या पोराकडे बघतो. "तिला माज्याकडं यायाला काय तरी काम नको?"

कडी पुन्हा वाजली. काकींनी झाकण उघडलं, पदराचं टोक आत कोंबलं आणि झाकण दाबून बसवलं. आवाज थांबला. त्या बाहेर बघत राहिल्या. महामार्गाला लागलो तेव्हा म्हणाल्या, "मास्तर, मुंब्र्याला जायाला गाडी हीच काय वो?"

"हीच. दिव्याला उतरून पुढे जायचं. पण तुम्ही एवढ्या लांब..."

"उगाच नाय जायची," काकी म्हणाल्या. दोन्ही हात डब्यावर होते. "काम हाय."