एकतीस पायऱ्यांची चादर

रुग्णसेवेत रुग्णाचं स्थान सर्वोच्च असतं. पण गुण परीक्षक देतात. हे सत्य ॲग्नेस ग्रेशियसला १९५४ साली, एकदा नापास झाल्यावर उमगलं.

वॉर्डात तिचा हात इतका हलका, की तिने चादर बदलली तरी रुग्णाची झोप मोडत नसे. परीक्षेत नेमकं हेच नडलं. पुस्तकाप्रमाणे चादर बदलण्याआधी रुग्णाला तसं सांगावं लागतं, म्हणजे त्याला आधी उठवणं आलं. दुसऱ्यांदा नापास होणाऱ्या मुलीची रवानगी, नियमानुसार, ट्रंकेसह घरी होत असे. म्हणून आठ दिवसांची रजा घेऊन ॲग्नेस उजळणीला मरोळ गावठाणात मामाकडे आली.

रुग्ण खाटेवर असताना चादर बदलण्याच्या एकतीस पायऱ्या होत्या. (रिकाम्या खाटेच्या बावीस. रुग्णाच्या वाट्याला नऊ.) आता या कामी रुग्ण हवा, आणि त्या आठवड्यात गावठाणात कोणीही आजारी नव्हतं. अशी बेपर्वाई पाहून बॅप्टिस्टमामा स्वतः पुढे झाला. भाताचं पोतं एकट्याने उचलणारा हा गडी तासाभरासाठी म्हणून आडवा झाला. रुग्णाने कोणतेही श्रम करू नयेत, असं पुस्तकात लिहिलं आहे हे कळल्यावर तो उठेना. बाहेर भात कापणीला आलं होतं.

पहिल्या दिवशी त्याची चादर अकरा वेळा बदलली. तिसऱ्या दिवशी त्याला खरंच बरं वाटेनासं झालं. 'आता कसं वाटतंय' असं दिवसातून चाळीस वेळा विचारल्यावर माणूस उत्तर शोधू लागतो. मामाला ते डाव्या गुडघ्यात सापडलं. मग केळी, उकडलेली अंडी घेऊन लोक समाचाराला येऊ लागले. शेजारच्या विन्सेंटने बाटली आणली (औषधी), मामाची बडदास्त पाहिली आणि आपलीही खाट आणली. शुक्रवारी ओट्यावर तीन रुग्ण होते आणि प्रतीक्षायादीत सात. शनिवारी पाद्रीबाबा मरणाऱ्याला लावतात ते शेवटचं तेल लावायला आले. मामाने त्यांना आधी हात धुवायला लावले.

शेतात एकटी राबणारी एथेलमामी मात्र विळा घेऊनच ओट्यावर आली.

"तुजी परीक्षा कवा सरते, त्ये सांग गो. भात आडवं झालंय, तुज्या मामासारकं."

"मामी, या वेळी राहिले तर पुन्हा नर्स व्हायला मिळणार नाही."

मामीने ॲग्नेसच्या हातात दुसरा विळा दिला आणि कापता कापता पायऱ्या म्हणायला सांगितलं. इंग्रजीचं अक्षर न कळणारी मामी दुसऱ्या दिवशी तिच्या चुका काढू लागली. सोमवारी भात कापून झालं आणि पायऱ्या शेताच्या बांधालाही पाठ झाल्या.

परीक्षेच्या दिवशी वॉर्डातल्या खाटेवर कापडाची बाहुली ठेवलेली होती. ॲग्नेसने तिला अदबीने सगळं समजावलं. बाहुलीने कसलीच हरकत घेतली नाही. एकोणिसाव्या पायरीला शेजारच्या खाटेवरून एक म्हातारी म्हणाली, "बाय, पानी."

ॲग्नेसचा हात थांबला. तांब्या दोन पावलांवर होता. पण विसाव्या पायरीत पाणी नव्हतं, आणि दारापाशी तिला घरी निघालेली आपली ट्रंक दिसू लागली होती. तिने विसावी पायरी घेतली. सव्विसाव्या पायरीला म्हातारी पुन्हा म्हणाली. एकतिसाव्याला ॲग्नेसला चादर धूसर दिसत होती, पण सुरकुती एकही नव्हती. परीक्षकबाईंनी शेरा लिहिला: 'एकाग्रता उत्कृष्ट.'

ती पहिली आली. मरोळमध्ये बँड लावला आणि तिन्ही रुग्ण आपोआप उठून नाचायला लागले. मामाचा गुडघा सर्वांत वर जात होता. अभिनंदन करणाऱ्यांत गावठाणातलं एकही घर मागे राहिलं नाही.

म्हातारीला पाणी मिळालं का, हे त्यांच्यापैकी कोणी विचारलं नाही. (मिळालं. घंटा होताच ॲग्नेस धावत गेली होती.) आपणही विचारलं नाही, पण त्यात ओशाळण्यासारखं काही नाही. पायऱ्या मोजल्या, निकाल ऐकला, बँडवर मान डोलावली, आणि नजर शेजारच्या खाटेकडे एकदाही वळू दिली नाही. आपली तयारी पूर्ण झालेली आहे. परीक्षेला खुशाल बसावं.